सस्पेन्शन लिफ्ट

सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे गाडीच्या स्प्रिंगा, पाटे (पोलादी पट्ट्यांच्या चपट्या स्प्रिंगा) किंवा त्यांच्या बैठकी बदलून चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडी ॲक्सलपासून, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यापासून, वर उचलणे. खडक, ओढे आणि चिखलातून जाणाऱ्या फोर बाय फोर गाड्यांत हा बदल हौसेने केला जातो, आणि नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमजही याच बदलाबद्दल असतो. ‘दोन इंच लिफ्ट मारली’ म्हणजे गाडीखालची जागा दोन इंचांनी वाढली, असे गृहीत धरले जाते. जिप्सी, जिम्नी किंवा जुन्या महिंद्रा जीपखाली वाकून पाहिले तर जमिनीच्या सर्वांत जवळ डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा दिसतो. तो अखंड ॲक्सलचाच भाग असतो आणि ॲक्सल चाकांवर उभा असतो. त्यामुळे स्प्रिंग कितीही उंच बसवली तरी गोळा होता तिथेच राहतो. वर जाते ती त्याच्यावरची गाडी.

गोळा उचलायचा तर टायरच मोठा लागतो, आणि टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. जिम्नीचा कंपनीचा टायर 195/80 आर 15 मापाचा, म्हणजे सुमारे 693 मिलिमीटर व्यासाचा आहे. त्याजागी 215/75 आर 15 घातला तर व्यास साधारण 703 होतो आणि गोळा फक्त 5 मिलिमीटर वर जातो. 235/75 आर 15 घातला तर सुमारे 20 मिलिमीटर मिळतात. मात्र त्याबरोबर स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा जवळपास 6 टक्के कमी दाखवू लागतो, पिकअप मंदावतो आणि चाक पूर्ण वळवले की टायर कुठेतरी घासतो. लिफ्टचे एक खरे काम इथे येते. मोठा टायर वळताना आणि खड्ड्यात वर दाबला जाताना मडगार्डखाली त्याला जागा मिळाली पाहिजे, ती लिफ्ट करून देते.

दुसरे काम कोनांचे. समोरच्या चढाला बंपर न टेकता चाक लागावे, उतरताना मागचा भाग घासू नये आणि उंचवट्यावर पोट टेकू नये, हे तिन्ही कोन चासी वर गेली की सुधारतात. यातला पोटाचा कोन चाकांमधल्या अंतरावरही अवलंबून असतो, हे जिम्नीच्या दोन रूपांत छान दिसते. तीन दारांच्या आणि पाच दारांच्या जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स एकच, 210 मिलिमीटर. पण पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 2250 वरून 2590 मिलिमीटरवर गेले आणि पोटाचा कोन 28 अंशांवरून 24 वर आला. बांधावर ‘पोटावर बसलेली’ लांब गाडी ज्याने एकदा फावड्याने मोकळी केली आहे, त्याला या चार अंशांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

बॉडी लिफ्ट हा निराळा प्रकार. त्यात चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी उचलतात. टायरला जागा मिळते, पण चासी, गिअरबॉक्स आणि टाकी पूर्वीच्याच उंचीवर राहतात.

लिफ्ट कशी करायची हे गाडीचे सस्पेन्शन ठरवते. पाट्यांच्या गाडीत सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी. शॅकलची लांबी जितकी वाढवावी त्याच्या निम्मीच उंची मिळते, म्हणजे एक इंचासाठी दोन इंच लांब शॅकल हवी. जिप्सीसारख्या गाडीत पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की ॲक्सल थोडा पुढे कलंडतो आणि हायवेवर स्टीअरिंग भिरभिरू लागते. याहून बरा उपाय म्हणजे जास्त कमान असलेले नवे पाटे. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या जिप्सीचे पाटे बहुधा सपाट झालेले असतात. अशा गाडीला मूळ कमानीचे नवे पाटे घातले तरी हरवलेली उंची परत मिळते, आणि कित्येकांना तेवढीच पुरते. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालण्याची पद्धतही आहे, पण ती फक्त मागे चालते. पुढे ठोकळा घातला तर ब्रेक दाबताना ॲक्सल पिळला जातो, म्हणून तो कोणी सुचवला तरी ऐकू नये.

जिप्सीत आणि जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खालून बांधलेले असतात. ते वरून बांधले की जिप्सी एकदम सुमारे पाच इंच उचलली जाते. स्पर्धेच्या गाड्यांत हे सर्रास दिसते. त्यासाठी ॲक्सलवर नव्या बैठकी वेल्ड कराव्या लागतात आणि स्टीअरिंगच्या रॉडची मांडणी बदलावी लागते. पहिल्या गाडीवर शिकायचा हा धडा नव्हे.

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत एकतर स्प्रिंगखाली स्पेसर घालतात किंवा लांब स्प्रिंग बसवतात. स्पेसरने उंची मिळते, सस्पेन्शनच्या स्वभावात मात्र काही फरक पडत नाही. लांब स्प्रिंग निवडताना वजनाचा हिशेब हवा, कारण लिफ्ट किटमधल्या स्प्रिंगा पुष्कळदा लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि सामान धरून कडक केलेल्या असतात. नुसता बंपर आणि विंच मिळून सत्तर-ऐंशी किलो सहज होतात. ते नसताना तीच स्प्रिंग घातली की रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर बकरीसारखी उडते, आणि मालक कंपनीच्या नावाने खडे फोडतो.

2020 नंतरच्या थारमध्ये पुढची चाके स्वतंत्र आणि मागे अखंड ॲक्सल आहे. पुढचा डिफरन्शियल चासीला टांगलेला असल्यामुळे लिफ्ट केली की तोही वर जातो, मागचा गोळा मात्र जागीच राहतो. इथे मर्यादा आणतात ते चाक फिरवणाऱ्या पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट. त्यांचा कोन वाढला की रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर येते, चिखल आत जातो आणि जॉइंट कटकटू लागतो. म्हणून दोन इंचांपलीकडे जायचे तर डिफरन्शियलच खाली घेणारे महागडे किट लागते. जुन्या थारमध्ये पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा, होता. त्याचा बोल्ट पिळून नाक वर करण्याची युक्ती अजून गॅरेजात चालते. खर्च शून्य, पण चाकाची एकूण हालचाल तेवढीच राहते. वर जितके मिळाले तितके चाकाचे खाली लोंबणे कमी होते, आणि खडकात चाक जमिनीला टेकून ठेवायला नेमके तेच हवे असते.

लिफ्टबरोबर गाडीची भूमिती बिघडते, आणि बजेट बहुतेक वेळा इथेच कोसळते. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो म्हणून हँडल आपोआप सरळ होते. गाडीतल्या या कलाला कास्टर म्हणतात. जिम्नीची पुढची बाजू उचलली की तो कमी होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आळसाने परत येते. त्यावर वेगळे बुश (सांध्यांत बसणारे गोल रबरी तुकडे) मिळतात. ॲक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे एक टोक चासीला आणि दुसरे ॲक्सलला असते. चासी वर गेली की हा रॉड जास्त तिरका होऊन ॲक्सलला एका बाजूला ओढतो. गाडी मागून पाहिली तर एका बाजूचा टायर जास्त बाहेर दिसतो, आणि त्यावर लांबी बदलता येणारा रॉड हा इलाज आहे. ॲक्सलकडे इंजिनची ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला की ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, लवकर जातात. मूळचेच शॉक (स्प्रिंगची उसळी आवरणारे दट्टे) ठेवले तर चाक लोंबताना सगळा भार शॉकवर येतो आणि त्याची बैठक तुटते. शॉक लांब घेतले तर बंप स्टॉपही (चाकाची वरची हालचाल अडवणारे रबरी ठोकळे) लांब हवेत, नाहीतर शॉक आतून आपटतो.

स्थिरतेचे गणित सोपे आहे. चाकांमधली रुंदी 1300 मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य 650 मिलिमीटर उंचीवर धरला, तर गाडी कागदावर 45 अंशांच्या आडव्या उतारापर्यंत टिकते. गुरुत्वमध्य तीन इंच वर नेला की हा आकडा 42 च्या आत येतो. प्रत्यक्षात स्प्रिंगांवर बॉडी कलत असल्याने दोन्ही आकडे आणखी कमी असतात. घाटातल्या वळणावर ते चालकाला आधी कळतात आणि डोंगराच्या आडव्या वाटेवर शेजारी बसलेल्याला.

कायद्याकडे हौशी मंडळी डोळेझाक करतात. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने मूळ दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनी हेच कारण पुढे करू शकते. 2014 पासून गोव्यात भर पावसाळ्यात होऊ लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये दिसणाऱ्या राक्षसी चाकांच्या गाड्या पाहून अनेकांचे हात शिवशिवतात. त्या गाड्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात आणि त्यातल्या कित्येक ट्रकवर लादून आणल्या जातात. सोमवारी त्यांना ऑफिसला जायचे नसते.

नवख्याने पहिला पावसाळा मूळ उंचीवरच काढावा. टायर चांगल्या पकडीचे घ्यावेत, मातीत हवा कमी करायला शिकावे आणि गाडी नेमकी कुठे टेकते ते पाहावे. गोळा टेकत असेल तर टायर, पोट किंवा बंपर टेकत असेल तर लिफ्ट, असा साधा निवाडा आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक कच्च्या वाटांना दीड-दोन इंच भरपूर होतात. काळ्या मातीच्या चिखलात तर उंचीपेक्षा टायरची नक्षी आणि चालकाचा पाय जास्त कामाला येतो.

काम सुरू होण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप सपाट जागी लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधल्या हवेने आकडा बदलतो. बसवताना गॅरेजात एक चूक हमखास होते. गाडी स्टँडवर, चाके लोंबकळत असतानाच बुशांचे बोल्ट आवळले जातात. मग गाडी जमिनीवर उतरली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो, राइड कडक लागते आणि काही महिन्यांत रबर फाटते. हे बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा बंपर दाबून हलवावी आणि मगच आवळावेत. नंतर एकेक चाक पूर्ण लोंबते ठेवून ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, ते बोटाने चाचपून पाहावे. अलाइनमेंट त्याच दिवशी करावे. पाट्यांच्या गाडीत पाटा ॲक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट परत वापरू नयेत, आणि नवे बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. तोवर ते थोडे सैल झालेलेच असतात.