पडद्यावरचा पेरू आला कुठून?

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर विमान उडवायचा खेळ, उघडून दक्षिण अमेरिकेतल्या पेरूला जायचं, तर आधी नाझ्का गाठावं, तिथल्या वाळवंटात आखलेल्या प्रचंड प्राचीन रेषाचित्रांसाठी. हा वारसा वरूनच नीट कळतो. वाळवंटातले काळपट-तांबूस दगड बाजूला सारायचे आणि खालची फिकी माती उघडी पाडायची, एवढंच त्या रेषांचं तंत्र. आपल्या कोकणातल्या कातळशिल्पांसारखं त्यात काही कोरलेलं नाही. पेरूचे पुरातत्त्वज्ञ तोरिबिओ मेहिया शेस्पे यांनी 1927 मध्ये पायी फिरताना त्यांची नोंद घेतली. पण माकड, कोळी, हमिंगबर्ड ही चित्रं जमिनीवर उभ्या माणसाला जेमतेम एखादी पायवाट वाटतात.

पेरूचा असा आकाशातून धांडोळा संगणकाच्या कितीतरी आधी सुरू झाला. 1931 मध्ये रॉबर्ट शिपी आणि जॉर्ज जॉन्सन यांची मोहीम विमानं आणि कॅमेरे घेऊन तिथे उतरली. सांता नदीच्या खोऱ्यातली प्राचीन लांबलचक भिंत त्यांना दिसली, कोल्का खोऱ्यातली पायऱ्यापायऱ्यांची शेतं त्यांनी टिपली. त्या काळी अँडीज पर्वतरांगेवरून उडणं म्हणजे जिवावरचाच खेळ. लिमाच्या विमानतळाला ज्याचं नाव आहे, तो वैमानिक होर्हे चावेस 1910 मध्ये आल्प्स ओलांडून उतरताना कोसळला आणि चार दिवसांनी गेला. अँडीजमधल्या कुस्को शहराचा विमानतळ अलेहांद्रो वेलास्को आस्तेते या वैमानिकाच्या नावाचा. 1925 मध्ये तो अँडीज पार करून कुस्कोला, म्हणजे आपल्याच गावी पोहोचला आणि त्याच वर्षी पुनोला अपघातात गेला. सिम्युलेटरमध्ये आपण मात्र आपटलो की बटण दाबून पुन्हा धावपट्टीवर हजर!

ब्रूस आर्टविक यांच्या कामातून 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला, तेव्हा जग म्हणजे शिकागो आणि अमेरिकेतली आणखी दोन-चार शहरं, तीही रेघोट्यांची. पेरूचे डोंगर घडायला खरी मदत झाली ती फेब्रुवारी 2000 मधल्या नासाच्या एंडेव्हर या अंतराळयानाच्या फेरीची. अकरा दिवसांत त्याने 60 अंश उत्तर ते 56 अंश दक्षिण या पट्ट्यातल्या जमिनीची उंची रडारने मोजली. अँडीजच्या पूर्व उतारावर ढग सहसा हटत नाहीत, पण रडारला ढगांचं वावडं नाही. मग ऑगस्ट 2020 मध्ये असोबो या फ्रेंच स्टुडिओने बनवलेली आवृत्ती आली. त्यात उंचीच्या या सांगाड्यावर उपग्रह आणि विमानांतून घेतलेली छायाचित्रं इंटरनेटवरून येऊन बसू लागली.

कुस्को सुमारे 3,300 मीटरवर आहे. तिथली हवा इतकी विरळ, की किनाऱ्यावर झटकन उचलणारं सेस्नासारखं छोटं विमान इथे धावपट्टी खात राहते, आणि हे सिम्युलेटरमध्ये अगदी खरं जाणवतं. नाझ्काचं तसं नाही. रेषांची खोली वीतभरसुद्धा नाही, त्यामुळे उंचीच्या नकाशात त्यांचा पत्ताच लागत नाही. दिसतात त्या केवळ छायाचित्रामुळे, तेही ते जितकं स्पष्ट असेल तितक्याच. 2024 मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या संशोधकांनी हवाई छायाचित्रं कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घेतली आणि आणखी 303 आकृत्या जाहीर केल्या. त्यातल्या बऱ्याचशा लहान, इतक्या पुसट आहेत, की सेस्नातून खाली पाहिलं तर नुसता माळ दिसावा.