स्टार खेळाडू संघातच ठेवायचा तर: एनबीएच्या करारवाढीची पात्रता, मुदत आणि कागदपत्रं

वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ला एनबीए या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधले सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ खेळून गेले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, म्हणून आपण किंग्जवाले. दोन्ही सामने पेसर्सने जिंकले, पहिला तर जादा वेळेत १३२-१३१ असा. किंग्जचा बडी हील्ड आणि पेसर्सचा डोमांटास सबोनिस, दोघांच्याही करारवाढीची, म्हणजे चालू करार संपण्याआधीच तो पुढे वाढवण्याची, मुदत तेव्हा जेमतेम अडीच आठवड्यांवर आली होती. भाचा परवा विचारत होता, ‘मामा, एकाच माणसाला एवढे पैसे द्यायचे कशाला?’ त्याचं उत्तर या दोघांच्या कागदांत आहे.

आधी पात्रता. संघ ज्यात पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत खेळाडू निवडलेला हवा आणि त्याचा पहिला, म्हणजे ठरावीक पगाराचा, चार वर्षांचा करार चालू हवा. तिसरा हंगाम संपला की त्या उन्हाळ्यात खिडकी उघडते आणि चौथा हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी बंद होते. २०१९मध्ये तो दिवस होता २१ ऑक्टोबर, वेळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सहा. आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, म्हणजे बातमी बघायची तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या ठरलेल्या. त्या दिवसापर्यंत दोघांच्याही सह्या झाल्या.

पैसे किती? २०२५-२६साठी प्रत्येक संघाची पगारमर्यादा सुमारे १५.४६ कोटी डॉलर होती. नव्या कराराचं पहिलं वर्ष जास्तीत जास्त त्याच्या २५ टक्के, म्हणजे ३.८७ कोटींच्या आसपास. खेळाडू सर्वोत्तम खेळाडू किंवा सर्वोत्तम बचावपटू ठरला असेल, नाहीतर ऑल-एनबीए संघात (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत) आला असेल, तर ३० टक्क्यांपर्यंत जाता येतं. त्यातही एक मेख आहे: २०२३-२४पासून हे मान मिळवायला साधारण ६५ सामने खेळलेले लागतात. मोठ्या खेळाडूचा गुडघा दुखला की त्याच्या एजंटच्या पोटात गोळा येतो तो यामुळेच.

३५ टक्क्यांचा ‘सुपरमॅक्स’ वेगळा. तो सात-आठ हंगाम खेळलेल्यांसाठी आहे आणि खेळाडू मूळ संघातच असावा लागतो, फार तर पहिल्या चार हंगामांत बदललेला चालतो. फेब्रुवारी २०२५मध्ये डॅलसच्या संघाने आपला स्टार लुका डोंचिच लेकर्स संघाला देऊन टाकला आणि एका रात्रीत त्याचा हा हक्क गेला.

मुदत चुकली तर? चौथा हंगाम संपल्यावर संघाने २९ जूनपर्यंत ‘क्वालिफाइंग ऑफर’, म्हणजे आणखी एका वर्षाच्या कराराचा प्रस्ताव, दिलेली असावी. मग दुसऱ्या संघाने खेळाडूला कितीही देऊ केलं तरी तेवढंच देऊन त्याला ठेवण्याचा हक्क शाबूत राहतो. ही ऑफर द्यायची राहिली, तर खेळाडू मोकळा आणि संघाच्या हाती भोपळा.

कागदपत्रं मोजकीच: लीगचा ठरलेला करारनामा, त्याला जोडलेली वाढीची दुरुस्ती, खेळाडू संघटनेची मान्यता असलेला एजंट, आणि लीगची मंजुरी. लपवलेलं वचन मात्र चालत नाही. मिनेसोटाच्या संघाने आपला खेळाडू जो स्मिथशी गुपचूप तसं ठरवलं होतं. २०००मध्ये ते उघड झालं तेव्हा ३५ लाख डॉलर दंड झाला आणि ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या पाच निवडी काढून घेतल्या. दोन पुढे परत मिळाल्या, पण एका खेळाडूच्या हव्यासापायी तीन कायमच्या गेल्या.

आता भाच्याचं उत्तर. आपल्याकडे चांगला खेळाडू टिकतो तो रेल्वेच्या किंवा बँकेच्या नोकरीवर, आणि नोकरी दुसऱ्या संघाला विकता येत नाही. एनबीएत करार विकता येतो. फेब्रुवारी २०२२मध्ये किंग्जने हील्ड आणि तरुण टायरिस हॅलिबर्टन इंडियानाला दिले आणि बदल्यात घेतला तोच सबोनिस. डोममध्ये समोरासमोर उभे राहिलेले दोघे अशी अदलाबदल करून गेले. २०१९मध्ये सह्याच झाल्या नसत्या, तर दोन्ही संघांकडे पुढे देवाणघेवाणीला हा माल उरला असता की नाही, शंकाच आहे.

म्हणून माझं मत: २५ टक्क्यांपर्यंत डोळे मिटून सही करावी. सुपरमॅक्सची गोष्ट वेगळी; संघाच्या पगारमर्यादेचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकाच्या पायांवर लावायचा, तर त्या पायांचा एक्स-रे आधी स्वतः बघावा. भाचा म्हणाला, ‘मग हॅलिबर्टनला का सोडला?’ ते रणदिव्यांना विचार.