वॉलपेपरआधी भिंतीला हळद लावून पाहा

हळदीत चुना पडला की ती लाल होते, हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. कुंकू पूर्वी असेच व्हायचे. हळदीतले कुरकुमिन एरवी पिवळे असते. पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचे माप, साधारण ८.५ च्या वर गेला की ते तांबडे होते. सांगलीच्या बाजारात जिचे सौदे होतात त्या हळदीचा हा गुण वॉलपेपर लावण्याआधी भिंत तपासायला फार उपयोगी आहे.

वॉलपेपर सुटला की दोष कागदाला नाहीतर खळीला दिला जातो. पण खळ लावलेला कागद ओला असताना रुंदीत फुगतो आणि वाळताना आकसतो. आकसताना तो खालच्या थराला ओढतो, आणि जो थर सर्वांत कमकुवत असेल तो सुटतो. तो थर बहुतेक वेळा भिंतीचाच असतो. म्हणून सुटलेला कागद फेकून देण्याआधी त्याची पाठ पाहावी. पाठीला पांढरी भुकटी किंवा रंगाचे पोपडे चिकटलेले असतील, तर जुना डिस्टेंपर किंवा चुना निघून आला आहे. पाठ स्वच्छ आणि भिंत चकचकीत असेल, तर खाली ऑइल पेंट आहे आणि खळीला धरायला जागाच मिळालेली नाही. काळे ठिपके दिसले तर ओल. पाठ कोरडी, खळ पापडासारखी कडकडीत आणि कागद कडेने उललेला असेल, तर भिंतीने खळीतले पाणी फार लवकर पिऊन टाकले.

या सगळ्यात सहज नजरेआड होणारे कारण म्हणजे सिमेंटचा क्षार. सिमेंटमध्ये पाणी पडले की कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुनाच, तयार होतो. ताज्या गिलाव्यातल्या पाण्याचा पीएच १२ ते १३ असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट करतो आणि पीएच उतरतो, पण हे काम बाहेरून आत, सावकाश चालते. तोवर कागद चढवला तर छपाईचे काही रंग फिके पडतात आणि अ‍ॅल्युमिनियमची झाक असलेला कागद डागाळतो. ऑइल प्रायमर लावलेला असेल तर त्यातल्या तेलाचा क्षाराशी संयोग होऊन साबण बनतो आणि थर चिकट, मऊ होतो. पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टीही क्षारीयच असते, हे विसरू नये. गिलावा जुना असला तरी कालची पुट्टी ताजी आहे.

तपासणी अशी करा. अर्धा चमचा हळद दोन चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा आणि दहा मिनिटे निवळू द्या. वरच्या पिवळ्या पाण्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर भिंतीवर बोटाएवढ्या जागी लावा, त्यावर पट्टी मिनिटभर दाबून धरा. पट्टी पिवळी राहिली तर पुढे जा. तांबूस झाली तर थांबा. कोरड्या भिंतीवर कोरडी पट्टी काहीच सांगत नाही, पाणी लागतेच. बोअरचे पाणी मात्र वापरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात आणि पट्टी पाण्यानेच रंग बदलू शकते. खोलीच्या चारही भिंतींवर, खाली, मध्ये आणि खिडकीखाली अशी तपासणी करावी. पीओपी किंवा जिप्समचा थर मुळात क्षारीय नसल्याने तिथे पट्टी पिवळी राहील. तिथे प्रश्न वेगळा आहे, जिप्सम पाण्यात थोडा विरघळतो आणि ओलीत मऊ पडतो.

नवा गिलावा ७ ते १० दिवस पाणी मारून झाल्यावर निदान महिनाभर मोकळ्या हवेत वाळू द्यावा, पावसाळ्यात त्याहून जास्त. पट्टी लाल येत असेल आणि थांबणे शक्यच नसेल, तर डब्यावर अल्कली-रेझिस्टंट (क्षाराला दाद न देणारा) असे लिहिलेला अ‍ॅक्रिलिक प्रायमर घ्या. पण हा तोडगा फक्त कोरड्या भिंतीसाठी आहे, ओल्या भिंतीसाठी नाही.

ओलीचे गणित तालुक्यागणिक बदलते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो. सांगलीत गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरले म्हणून भिंत वाळली असे होत नाही. दर इंच जाडीला साधारण महिना हा जुना ठोकताळा धरला, तर नऊ इंची विटांच्या भिंतीला बरेच महिने लागतात. शिवाय वीट जमिनीतले पाणी केशाकर्षणाने वर खेचते. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते तसेच. त्याबरोबर जमिनीतले क्षार, म्हणजे पाण्यात विरघळलेली मिठेही चढतात, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत त्यांना तोटा नाही. पाणी उडून गेले की क्षार भिंतीवर पांढरे फुलतात, भिंतीला लोणा लागतो. त्यातले सोडियम सल्फेट पाणी धरून स्फटिक होताना सुमारे तिप्पट फुगते. एवढ्या जोरापुढे पुट्टी, प्रायमर आणि कागद काहीच टिकत नाही.

म्हणून ओल शोधायची सोपी रीत: दीड फूट चौरस जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर हवाबंद चिकटवा आणि निदान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस, ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव जमले किंवा खालची जागा काळवंडली, तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर ती हवेतली ओल. पहिल्या प्रकारात आधी गच्ची, पाइप, पायाची ओल यांचा बंदोबस्त, मग वॉलपेपर. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून ती पूड गोळा करून टाका.

भिंत कोरडी आणि पट्टी पिवळी असली, तर हाताने काम सुरू करता येते. मेन स्विच बंद करून स्विचबोर्डच्या पट्ट्या सैल करा. तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरे लागले तर तो डिस्टेंपर किंवा चुना ओल्या स्पंजने धुऊन आणि पुट्टी पत्तीने खरवडून पूर्ण काढा. त्यावर प्रायमर मारून तो पक्का होतो, हा समज चुकीचा आहे. प्रायमर वरच्या पुडीला धरतो, पूड मात्र भिंतीला धरून नसते. ऑइल पेंट असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चमक पूर्ण मारा. भेगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या उकरून, धूळ काढून, ओल्या करून भरा. नुसती वरून पुट्टी फिरवली तर त्या महिन्याभरात पुन्हा उघडतात. पुट्टी दोन पातळ हातांत लावा, एकूण दीड मिलिमीटरच्या आत, आणि कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवा. घट्ट झालेल्या पुट्टीत पाणी घालून पुन्हा कालवली की ती भुकटीच होते.

घासकामाला खरा साथीदार म्हणजे दिवा. भिंतीला टेकवून धरलेल्या एलईडी बल्बचा प्रकाश आडवा पडला की रंगाखाली कधी न दिसलेला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. चमकदार कागद हे उंचवटे लपवत नाही, वाढवून दाखवतो. १८० ते २२० नंबरने घासा, मऊ ब्रशने झाडा, पिळलेल्या ओल्या कपड्याने पुसा. धुळीचा पातळ थरही खळीला भिंतीपासून वेगळे ठेवतो.

आता प्रायमर. त्याचे काम चिकटवणे हे नाही, भिंतीची तहान सारखी करणे हे आहे. भरलेली भेग एक वेगाने पाणी पिते, जुना रंग दुसऱ्या वेगाने, आणि कागद जागोजागी वेगवेगळा वाळून फुगवटे धरतो. भिंतीवर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. क्षणात मुरला तर भिंत तहानलेली, मोत्यासारखा घरंगळला तर बंद झालेली. प्रायमरनंतर थेंब सर्व ठिकाणी सारखाच, थोड्या वेळाने मुरला पाहिजे. पाण्यात मिसळायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर, डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच पातळ करून, दोन हातांत लावा. पातळ केलेला जास्त पुरतो म्हणून जास्त पाणी घालू नका. दोन हातांमध्ये चार ते सहा तास आणि वॉलपेपरआधी पूर्ण एक दिवस जाऊ द्या. सुताराचा पांढरा गोंद पातळ करून मारण्याची पद्धत टाळा, खळीच्या पाण्याने तो पुन्हा मऊ पडतो. वाळलेला अ‍ॅक्रिलिक मऊ पडत नाही, म्हणूनच पाच वर्षांनी कागद बदलताना तो ओला करून काढता येतो आणि पुट्टी शाबूत राहते. कागद पातळ असेल तर गडद रंगाच्या भिंतीवर पांढरा प्रायमरच हवा, नाहीतर खालचा रंग डोकावतो.

घाटाकडच्या जावळी, महाबळेश्वर भागात व्हायनिलपेक्षा (प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदापेक्षा) नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेला कागद घ्यावा. व्हायनिल वाफ अडवते, मागे ओल कोंडते आणि खळ हे बुरशीचे अन्न आहे. घरी खळ करणारे त्यात मोरचूद घालतात ते याचसाठी, पण मोरचूद विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत काढलेले उत्तम. माण, खटाव, जतच्या एप्रिलमध्ये खळ हातातच सुकते, तिथे सकाळी लवकर सुरुवात करा.

नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद, दहा मीटर लांब, म्हणजे सुमारे ५७ चौरस फुटांचा असतो. पहिली पट्टी कोपऱ्यावर भरवसा न ठेवता ओळंबा सोडून आखलेल्या रेघेवर लावा. आणि काम झाल्यावर दोन दिवस पंखा बंद ठेवा. वाऱ्याने कडा आधी वाळतात, मधला भाग ओलाच असताना त्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात.