दारासमोरचे पार्किंग (ग्वाल्हेर–लष्कर)

दारासमोरचे पार्किंग : घराला किंवा दुकानाला लागून असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर गाडी लावण्याची रीत, तिच्याविषयीचा कायदा आणि शेजारीपाजारी पाळतात ते संकेत. ही नोंद ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या गल्ल्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. कायदा मात्र देशभर तोच.

लष्कर हे गाव नावाप्रमाणेच छावणीतून झाले. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ उठलाच नाही, त्याचे शहर झाले. ‘शिंदे की छावनी’ आजही टपालाच्या पत्त्यात लिहितात. ‘चिटणीस की गोठ’, ‘महाडिक की गोठ’ या वस्त्यांतली गोठ म्हणजे ‘आतल्या गोटातली बातमी’ या वाक्प्रचारातला मराठी गोट, सरदाराच्या तळाची जागा. हिंदीच्या तोंडी बसताना ट चा ठ झाला. अशा वस्त्यांतल्या गल्ल्या मोटारीच्या आधीच्या आहेत, आणि वाड्याच्या दिंडी दरवाजातून स्कूटर कशीबशी आत जाते, मोटार जात नाही. म्हणून ती रस्त्यावर राहते.

अडचण किती, ते हिशेबाने पाहावे. साधी छोटी मोटार सुमारे १.७ मीटर रुंद असते. पाच मीटरच्या गल्लीत समोरासमोर दोन मोटारी लावल्या की मध्ये उरतात १.६ मीटर. त्यातून दुचाकी निघते, ई-रिक्षा अंग चोरून निघते. रुग्णवाहिका नाही, अग्निशमन दलाचा बंब तर नाहीच. त्याच दोन मोटारी एका बाजूला एकीमागे एक लावल्या तर ३.३ मीटर मोकळे राहतात. एवढ्याशा फरकासाठी कोणत्याही यंत्रणेची गरज नाही, पण ‘एकाच बाजूला’ म्हणजे कोणाच्या बाजूला, हे ठरत नाही.

कायदा मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि त्याखालील २०१७ च्या वाहनचालन नियमांत आहे. त्याआधी १९८९ चे नियम होते. यादी बरीचशी जुनीच. पदपथावर, चौकालगत, पादचारी पट्ट्यापाशी, बसथांब्याजवळ, शाळा-इस्पितळाच्या प्रवेशाशी, दुसऱ्या उभ्या गाडीच्या बाजूला दुसरी रांग करून, किंवा कोणाच्याही मालमत्तेची वाट अडेल अशी गाडी लावता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७७-अ प्रमाणे या नियमांच्या भंगाला ५०० ते १,००० रुपये दंड आहे. जागेवर तडजोडीने किती घ्यायचे ते राज्य सरकार ठरवते. कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली, किंवा सार्वजनिक जागी दहा तास वा अधिक बेवारस सोडलेली गाडी उचलून नेण्याचा किंवा चाकाला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो, आणि उचलण्याचा खर्च दंडाखेरीज वेगळा मालकाकडून घेतला जातो. फलकांत लोक नेहमी गल्लत करतात ती अशी : निळ्या गोलावर लाल कडा आणि एकच तिरपी रेघ म्हणजे गाडी लावू नका, दोन रेघांची फुली म्हणजे क्षणभर थांबूही नका.

या सगळ्यात गल्लीतल्या भांडणाचे मूळ एका गैरसमजात आहे. ‘माझ्या दारासमोरची जागा माझी’ असे जवळजवळ प्रत्येक जण मानतो. कायदा मालकाला देतो तो फक्त येण्याजाण्याच्या वाटेचा हक्क : फाटक कोणी अडवू नये. फाटकाच्या पलीकडे, भिंतीलगतचा रस्ता शेजाऱ्याचा जितका तितकाच त्याचा. त्यामुळे जागा धरून ठेवण्यासाठी मांडलेल्या कुंड्या, रंगवलेले दगड, जुने टायर, पाण्याचे ड्रम हे सारे अतिक्रमणात मोडते. भिंतीवर स्वतः ठोकलेल्या ‘यहाँ गाड़ी खड़ी न करें, हवा निकाल दी जाएगी’ या पत्र्याच्या पाटीलाही कायद्याचे बळ नाही, कारण वाहतुकीची चिन्हे लावण्याचा अधिकार कलम ११६ प्रमाणे सरकारचा व त्याने नेमलेल्या यंत्रणेचा. हवा काढणे हा तर पाटी लावणाऱ्याचाच गुन्हा ठरू शकतो. पाटी फाटकासमोर असेल तर तिच्यातला आशय मात्र बरोबर असतो. ती भिंतीभर पसरली की चूक होते.

कायद्याबाहेरचे संकेत अधिक रंजक आहेत. दुचाकी साइड स्टँडवर तिरकी राहते आणि जागा जास्त खाते. रांगेतली एक कलंडली की पुढच्या चार आडव्या होतात. म्हणून दाटीच्या जागी मेन स्टँडवर लावणे हे शहाणपण समजतात. हँडल लॉक न करणे हाही एक शिष्टाचार : कोणाला वाट हवी असेल तर त्याने हाताने सरकवून घ्यावी. चोरीच्या भीतीने तो मागे पडतो आहे. मोटारीच्या बाबतीत काही शहरांत दुसऱ्या रांगेतली गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता सोडतात, म्हणजे अडकलेल्याने ढकलून बाहेर पडावे. सोय म्हणून हे मोठ्या मनाचे, पण कलम १२६ सांगते की चालक जागेवर नसताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा, गाडी आपोआप हलता कामा नये. इथे सौजन्य आणि कायदा सरळ एकमेकांविरुद्ध जातात. उतारावर कायद्याचेच ऐकावे, याबद्दल दुमत नसावे.

तिसरा संकेत म्हणजे काचेवर फोन नंबरची चिठ्ठी. ती नसली की गल्लीत ‘किसकी गाड़ी है?’ अशी हाक सुरू होते. मराठी घरांतून तोच प्रश्न ‘काकू, तुमच्याकडे कोणी आलंय का हो?’ असा खिडकीतून खिडकीत जातो, आणि बहुधा आधी पोचतो. रागावण्याआधी पाहुणा कोणाचा ते विचारावे, एवढे भान या दुसऱ्या प्रश्नात आहे. गणपतीत, लग्नसराईत गाड्या नेहमीपेक्षा जास्त येतात. तेव्हा यजमानाने आधीच दोन्ही शेजाऱ्यांना सांगून ठेवणे आणि पाहुण्यांना गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायला लावणे, ही जुन्या लोकांची रीत.

महाराज बाड्याच्या चौकात, सराफ्यात, टोपी बाजारात गोष्ट वेगळी. तिथे गिऱ्हाईक पाच मिनिटांसाठी थांबतो, ई-रिक्षा सवारीसाठी थांबते, दुकानदाराची स्वतःची स्कूटर सकाळपासून दारात उभी असते आणि गिऱ्हाइकाची जागा तीच खाते. दुकानदारांनी आपल्या गाड्या लांब लावल्या तर अर्धा प्रश्न सुटेल असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे, दुकानदारांचे नाही.

गाड्या उचलणारी क्रेन बाजारातल्या रुंद रस्त्यावर चालते. अरुंद गल्लीत ती शिरू शकत नाही. तिथे येते ती वाट अडलेल्याची घंटा, आणि दार उघडायला बनियनवर आलेला मालक.