प्रहरी लसीका ग्रंथीनिर्देशित जठर शस्त्रक्रिया

प्रहरी लसीका ग्रंथीनिर्देशित जठर शस्त्रक्रिया : जठराच्या आरंभिक कर्करोगात गाठीकडून निघणारी लसीका (ऊतींमधून वाहणारा पाणीदार द्रव) ज्या ग्रंथींत सर्वप्रथम पोहोचते, त्या ग्रंथी शस्त्रक्रिया चालू असतानाच शोधून तपासायच्या आणि त्यांत कर्कपेशी आहेत की नाहीत यावरून जठराचा किती भाग काढायचा हे ठरवायचे, अशी ही उपचारपद्धती आहे. या पहिल्या ग्रंथींना सेंटिनेल नोड किंवा प्रहरी ग्रंथी म्हणतात. प्रहरी ग्रंथी स्वच्छ असतील तर पुढच्या ग्रंथींपर्यंतही रोग पोहोचलेला नसावा, हे या पद्धतीमागचे गृहीतक आहे.

कर्करोग जठराच्या श्लेष्मल अस्तरापुरता किंवा त्याखालच्या अधःश्लेष्मल थरापुरता मर्यादित असेल, तर लसीका ग्रंथींत प्रसार झालेला असो वा नसो, त्याला आरंभिक म्हणतात. ही व्याख्या जपानमध्ये 1962 साली रूढ झाली. अस्तरापुरत्या रोगात ग्रंथींपर्यंतचा प्रसार शंभरांतील सुमारे तीन रुग्णांत, तर अधःश्लेष्मल थरापर्यंत गेलेल्या रोगात सुमारे वीस रुग्णांत आढळतो. अगदी उथळ गाठी एंडोस्कोपीनेच, म्हणजे तोंडावाटे आत सोडलेल्या दुर्बिणीच्या नळीतून, काढता येतात. उरलेल्यांसाठी जठराचा मोठा भाग आणि भोवतालच्या ग्रंथी काढणे ही प्रमाणित शस्त्रक्रिया आहे. म्हणजे बहुतेक रुग्णांच्या निरोगी ग्रंथी आणि जठराचा निरोगी भाग केवळ खबरदारी म्हणून काढला जातो. त्यानंतर वजन घटणे, रक्तक्षय, ब12 जीवनसत्त्वाची कमतरता आणि अन्न वेगाने आतड्यात उतरल्यामुळे जेवणानंतर येणारी घेरी व धडधड हे त्रास अनेकांना वर्षानुवर्षे सोसावे लागतात. रोग बरा झालेल्या माणसाच्या वाट्याला येणारी ही किंमत लहान नाही.

शिश्नाच्या कर्करोगात रामोन काबान्यास यांनी 1977 मध्ये प्रहरी ग्रंथीची संकल्पना मांडली. डोनाल्ड मॉर्टन व सहकाऱ्यांनी 1992 मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात रंगद्रव्याने ती ग्रंथी शोधून दाखवली आणि पुढे स्तनाच्या कर्करोगात ही पद्धत नित्याची झाली. जठरात मात्र लसीका एकाच वेळी अनेक दिशांनी वाहते आणि कर्कपेशी कधीकधी जवळची ग्रंथी ओलांडून थेट दूरच्या ग्रंथीत जातात. म्हणून येथे सुटी ग्रंथी न उचलता, रक्तवाहिन्यांना अनुसरून मानलेल्या पाच लसीकाक्षेत्रांपैकी ज्यात मागोवा द्रव्य (लसीकेचा मार्ग दाखवणारे द्रव्य) उतरले असेल ते संपूर्ण क्षेत्रच काढणे अधिक सुरक्षित मानले जाते. हे द्रव्य, बहुधा इंडोसायनिन ग्रीन आणि किरणोत्सर्गी टेक्नेशियमयुक्त द्रव्य यांची जोडी, एंडोस्कोपीतून गाठीभोवती टोचतात. काढलेल्या ग्रंथी लगेच गोठवून त्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. कर्कपेशी दिसल्या तर प्रमाणित शस्त्रक्रिया होते. न दिसल्यास गाठीपुरता भाग काढून जठर राखले जाते.

या तपासणीवर कितपत विसंबावे, याबद्दल जपानमधील दोन अभ्यासांनी अगदी वेगळी उत्तरे दिली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासात 397 पैकी 387 रुग्णांत प्रहरी ग्रंथी सापडल्या आणि निदानाची अचूकता 99 टक्के भरली. दुसऱ्या अभ्यासात, ग्रंथींत प्रसार असलेल्या 28 रुग्णांपैकी 13 जणांचा प्रसार शस्त्रक्रियेदरम्यान हुकला आणि तो अभ्यास थांबवावा लागला. त्यात गोठवलेल्या ग्रंथीचा एकाच पातळीवरचा छेद पाहिला जात होता. पद्धतीचे यश छेद घेणाऱ्या विकृतिशास्त्रज्ञावर (ऊती तपासून रोग ओळखणाऱ्या तज्ज्ञावर) किती अवलंबून आहे, हे यावरून दिसते.

रुग्णांच्या जगण्याविषयीचा सर्वांत भक्कम पुरावा दक्षिण कोरियातील ‘सेनोरिता’ या यादृच्छिक (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेल्या) चाचणीतून मिळाला. तीन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेले 580 रुग्ण तिच्या दोन गटांत विभागले होते. दोन्ही गटांत शस्त्रक्रिया लॅपरोस्कोपीने, म्हणजे पोटावरील लहान छिद्रांतून, झाली. तीन वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण प्रमाणित गटात 95.5 टक्के, तर प्रहरी गटात 91.8 टक्के होते. नवी पद्धत जास्तीत जास्त पाच टक्क्यांनी कमी पडेल एवढीच सूट आधी ठरवलेली होती. प्रत्यक्ष फरक 3.7 टक्के असला, तरी सांख्यिकीय अनिश्चितता धरता तो पाचच्या पुढेही असू शकत होता. त्यामुळे ती प्रमाणित पद्धतीच्या तोडीची असल्याचे सिद्ध झाले नाही. याउलट जठराच्या कर्करोगाने मृत्यू न येण्याचे प्रमाण 99.5 आणि 99.1 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. एकूण जीवितप्रमाणातही लक्षणीय फरक आढळला नाही. पोषण आणि जीवनमान प्रहरी गटात सरस ठरले.

हे आकडे परस्परविरोधी वाटले, तरी त्यांचे कारण राखलेल्या जठरातच आहे. जितके अस्तर शिल्लक, तितकी त्यात पुन्हा किंवा नव्याने गाठ उद्भवण्याची शक्यता. पण अशी गाठ वेळीच सापडली, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेने ती काढता येते आणि प्राण वाचतो. म्हणून रुग्णाला केवळ जीवितप्रमाण सांगणे अपुरे आहे. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव आणि नियमित एंडोस्कोपीची गरज या दोन्ही गोष्टी निर्णयापूर्वीच त्याच्यासमोर ठेवल्या पाहिजेत. जो रुग्ण पुढील तपासण्यांना येत राहू शकणार नाही, त्याच्यासाठी प्रमाणित शस्त्रक्रियाच योग्य ठरते.