फुटाला एक सूत: कोल्हापूरच्या पॅटर्न शॉपमधून कॅडपर्यंत

बिडाचं बरोब्बर एक मीटर लांबीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, हवं असेल, तर त्याचा पॅटर्न, म्हणजे ज्याच्याभोवती वाळू दाबून साचा घडवतात तो नमुना, १०१० मिलिमीटरच्या आसपास करावा लागतो. वितळलेलं बीड थिजून गार होईपर्यंत साधारण एक टक्का आकसतं. पोलाद दोन टक्क्यांच्या घरात जातं, अॅल्युमिनियम सव्वा टक्क्याच्या थोडं पुढे. म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी मुद्दामच चुकीची असते. बिडासाठीच्या पट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे एक अष्टमांश इंच, मोठा. पोलादासाठीच्या पट्टीवरचा दोन सूत मोठा.

फौंड्रीबाहेरच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याबाहेरच्या, माणसाला ही पट्टी सहसा माहीत नसते. पॅटर्न आणि मोल्ड बनवणाऱ्या धंद्याचं सगळं मर्म मात्र तिच्यातच आहे. ड्रॉईंगवर असतो तो तयार भाग. पॅटर्नमेकरला बनवायची असते वेगळीच वस्तू. ती आकुंचनापुरती मोठी हवी. मशिनिंगसाठी काही जागी तीन-चार मिलिमीटर जाड हवी. वाळूतून न मोडता वर निघावी म्हणून उभ्या भिंतींना एक-दोन अंशांचा उतार हवा. आतल्या पोकळीसाठी जो वाळूचा कोअर बसवायचा, त्याला टेकायला कोअर प्रिंट हवेत आणि तो घडवायला निराळा कोअर बॉक्स. यांतलं जवळजवळ काहीच ग्राहकाच्या कागदावर नसतं. प्लास्टिकच्या मोल्डमध्ये किंवा डाय कास्टिंगच्या डायमध्ये प्रकार उलटा, कारण तिथे पोलादात कोरलेली पोकळीच कायमची असते. पण आकुंचन, उतार आणि साचा नेमका कुठे दुभंगायचा याचा विचार तोच.

ओतकाम आपल्याकडे फार जुनं आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर मातीचे लेप चढवून, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत तपशिलाने दिली आहे. मेण आधी तोलायचं आणि त्याच्या ठरावीक पटीत धातू घ्यायचा, हेही त्यात आहे. गावोगावच्या ओताऱ्यांनी घंटा, समया, मूर्ती अशाच घडवल्या. पण या रीतीत नमुना दरवेळी वितळून जातो. एकसारख्या हजार वस्तूंची तिथे गरजच नव्हती.

ती गरज नांगराने आणली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाने जमीन नासेल, या भीतीने सुरुवातीचे नांगर खपेनात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ओतकामाच्या अंगाने पाहिलं तर महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. नांगराचा फाळ झिजतो आणि बदलावा लागतो. दोन वर्षांनी घेतलेला फाळ जुन्या नांगराला, त्याच भोकांवर, तसाच बसायला हवा. म्हणजे प्रत्येक फाळ सारखा हवा, आणि म्हणून टिकाऊ पॅटर्न हवा. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर होण्याची ही कथा पुढे फार सांगितली गेली. तोफ वितळवून मिळतं ते नुसतं लोखंड, त्याला फाळाचा आकार देतो तो पॅटर्न. त्याची कथा कोणी सांगत नाही.

कोल्हापुरात हा धंदा रुजला तो दुरुस्तीतून. ऊस, गुऱ्हाळं, चरक आणि विहिरींवर बसलेली ऑईल इंजिनं. परदेशी इंजिनाचा भाग मोडला की सुटा भाग यायला महिने लागत, आणि हंगाम तेवढा थांबत नसे. मग इथल्या मिस्त्रींनी मोडका भाग समोर ठेवून नवा ओतायला सुरुवात केली. म्हादबा मेस्त्री यांचं नाव आजही उद्यमनगर या कोल्हापूरच्या औद्योगिक वस्तीत आदराने घेतलं जातं ते याच काळासाठी. पण मोडका भाग जोडून तोच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, तर नवा भाग एक टक्का लहान निघतो. दहा इंचांच्या सिलिंडरमध्ये हा फरक अडीच मिलिमीटरचा होतो आणि त्यात पिस्टन बसत नाही. दुरुस्तीवर चालणाऱ्या गावाला पॅटर्नमेकर लागतो तो इथे. आणि असा माणूस शोधायला लांब जावं लागत नव्हतं, सुतार आळीतच तो होता.

रंधा, पटाशी आणि कानस त्याच्याकडे होतीच. सागवान घडवता येत होतं. शिकायची होती ती सुताची पट्टी आणि उलटा विचार. लाकडात जिथे भर, तिथे वाळूत पोकळी आणि शेवटी धातूत पुन्हा भर. मोठ्या भागाचं काम असलं की आधी प्लायवुडवर पूर्ण मापाचं लेआउट आखायचं, तेही त्याच खोट्या पट्टीने. मग तुकडे जोडायचे, कोपऱ्यांना गोलाई द्यायची, फटींत लांबी (पुट्टी) भरायची, चपड्याचं पॉलिश किंवा रंग मारायचा. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, उन्हाळ्यात तडकायचं, आणि पॅटर्नच्या माळ्यावर वाळवी लागायची ती वेगळीच. पुढे उद्यमनगर अपुरं पडलं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या औद्योगिक वसाहतींत कारखाने गेले. आज या पट्ट्यात सुमारे ३०० फौंड्री असल्याचं सांगितलं जातं, आणि त्यांच्या आधाराने पॅटर्न शॉप चालतात. अनेकांत पाच-सात माणसं.

हाताच्या या कामातला सर्वांत अवघड हिशेब दुहेरी आकुंचनाचा. हजारो कास्टिंग काढायची असतील तर लाकडी पॅटर्न टिकत नाही, अॅल्युमिनियमचा लागतो. तो ओतायचा तर त्याच्यासाठी आधी लाकडी मास्टर हवा. म्हणजे मास्टरमध्ये बिडाचा एक टक्का आणि त्यावर अॅल्युमिनियमचा सव्वा, दोन्ही मिळवायचे. शिवाय कानशीने साफ करताना जे जाईल तेही. जुने कारागीर हा हिशेब कागदावर मांडत नसत.

जगात विसाव्या शतकाच्या मध्यावर जे बदल होत होते, त्यांचा उगम बराचसा याच धंद्याच्या अडचणींत आहे. अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या पात्यांच्या वक्राशी झगडत होते. तो वक्र आकड्यांनी सांगून यंत्राकडून कापून घेण्याच्या त्यांच्या कल्पनेवर पुढे एमआयटीत काम झालं आणि १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. सोव्हिएत रशियात लाझारेन्को दांपत्याने १९४३ च्या सुमारास विजेच्या ठिणगीने कठीण धातू कोरण्याची रीत काढली. आज अशा स्पार्क मशीनशिवाय मोल्डचं टूलरूम, म्हणजे साचे आणि डाय बनवणारा विभाग, चालत नाही. रेनॉमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तल्जो यांनी मोटारींचे वक्र गणितात बसवले. त्यामागचा हेतू रोकडा होता. ड्रॉईंग, लाकडी मास्टर आणि डाय या तीन टप्प्यांत आकार दरवेळी थोडा थोडा बदलायचा, तो बदलू नये. आज अक्षरांच्या फॉन्टपासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे वापरले जाणारे बेझिए वक्र पत्रा दाबणाऱ्या डायच्या पोटातून आले आहेत.

आपल्याकडे मोठ्या कारखान्यांनी टूलरूमचं महत्त्व लवकर ओळखलं. सुमंत मूळगावकरांच्या काळात टेल्कोने (पुढची टाटा मोटर्स) १९६६ मध्ये पुण्यात पाय ठेवला तो मशीन टूल, प्रेस टूल आणि डाय बनवण्यासाठी. गाड्या तिथे बऱ्याच नंतर बनू लागल्या. औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, भारत-जर्मन सहकार्यातून टूलरूम उभी राहिली. तिथून शिकून निघालेली मुलं आज राज्यभरच्या टूलरूममध्ये आहेत. छोट्या पॅटर्न शॉपपर्यंत मात्र संगणक पोचला तो धोरणामुळे नाही, ग्राहकामुळे. १९९१ नंतर मोटार आणि ट्रॅक्टर कंपन्यांचे पुरवठादार जागतिक मापाने मोजले जाऊ लागले. अमोनिया प्रिंटच्या, म्हणजे कागदी ड्रॉईंगच्या, जागी कॅडची, म्हणजे संगणकावर काढलेल्या ड्रॉईंगची, फाईल येऊ लागली. त्याच काळात मोठ्या फौंड्रींनी जोराच्या दाबाने वाळू भरणाऱ्या लाईन बसवल्या. डेन्मार्कच्या डिसामॅटिकसारख्या उभ्या साच्याच्या यंत्रात तासाला शेकडो साचे पडतात. तिथे लाकूड टिकत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक शेकडो कास्टिंग रद्दीत घालते. फाईल वाचता येत नाही म्हटलं की काम बंद. व्हीएमसी, म्हणजे आकड्यांवर चालणारं सीएनसी मिलिंग मशीन, घेणं ही निवड राहिली नव्हती.

कर्ज काढून मशीन आलं, पाठोपाठ सॉफ्टवेअरचा खर्च आला. मशीन एकदा घेतलं की घेतलं. परवान्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी दरवर्षी भरावे लागतात, आणि पाच माणसांच्या शॉपला ते मशीनच्या हप्त्यापेक्षा जास्त टोचतात. तरी फायदा खरा आहे. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पॅटर्न थेट कापता येऊ लागल्यावर लाकडी मास्टर गेला आणि त्याच्याबरोबर दुहेरी आकुंचनाचा हिशेबही. झिजलेला पॅटर्न पुन्हा तसाच कापता येतो. जुना, ड्रॉईंग हरवलेला लाकडी पॅटर्न स्कॅन करून फाईलमध्ये आणता येतो. पूर्वी ज्याला महिना लागे ते काम आठवड्या-दीड आठवड्यात होतं.

पण एक टक्का कुठे गेला? कुठेच नाही. संगणकात आकुंचनाचा आकडा विचारणारी चौकट असते, ती कोणीतरी भरायची असते. आणि तो आकडा एकच नसतो, ही तर खरी गोम. मधे दणकट कोअर असेल तर तो धातूला आकसू देत नाही, तिथे एक टक्का चालत नाही. लांबीला एक, रुंदीला दुसरा असंही होतं. एसजी आयर्नमध्ये, म्हणजे गोळीदार ग्रॅफाईटच्या बिडात, थिजताना ग्रॅफाईट तयार होऊन धातू फुगतो, त्यामुळे साचा किती घट्ट आहे यावर माप बदलतं. म्हणजे तीच फाईल, तोच पॅटर्न दोन फौंड्रींत दोन मापांची कास्टिंग देऊ शकतो. कोणत्या फौंड्रीसाठी काय आकडा घालायचा, हे अनुभवी पॅटर्नमेकरच्या वहीत असतं किंवा डोक्यात.

या डोक्यातल्या ज्ञानाचा काही भाग सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचे प्रयत्न झाले आहेत. जर्मनीत आखेन इथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या माग्मा कंपनीचं सिम्युलेशन मोठ्या फौंड्रींत चालतं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्राध्यापक बी. रवी यांनी ‘ऑटोकास्ट’ घडवलं, आणि ‘ई-फौंड्री’ या उपक्रमातून छोट्या कारखान्यांसाठी सिम्युलेशन आणि शिकवण्या इंटरनेटवर उपलब्ध केल्या. धातू कुठे शेवटी थिजेल, पोकळी कुठे पडेल, आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा रायझर कुठे हवा, हे ओतण्याआधी पडद्यावर दिसतं. पूर्वी पहिली पाच-दहा कास्टिंग फोडून हे कळायचं. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला सर्वांत उपयोगी बदल हाच, सीएनसीपेक्षाही. सीएनसीने चुकीचा पॅटर्नही तितक्याच अचूकपणे कापला जातो.

अडचण उरते ती पैशांत आणि माणसांत. आधी पैसा. ग्राहकाची फाईल येते, त्यावर उतार, मशिनिंगची भर, कोअर प्रिंट आणि साचा दुभंगण्याची रेषा बसवून मॉडेल करायला डिझायनरचे दोन-तीन दिवस जातात. हे सगळं कोटेशनच्या आधी, म्हणजे फुकट. पूर्वी ही बुद्धी लाकडात होती. पॅटर्न विकत घेतल्याशिवाय ती हाती लागत नसे. आता ती फाईलमध्ये आहे आणि फाईल ईमेलने पुढच्या शॉपकडे स्वस्त दरासाठी जाऊ शकते. डिजिटल होण्याने या धंद्याचं खरं काय बदललं, असं विचारलं तर मी हेच सांगेन. ज्ञान उघडं पडलं, पण त्याची किंमत लावायची रीत किलो, तास आणि सामान यांच्या जुन्याच हिशेबात राहिली.

तयार पॅटर्नचंही तसंच. तो पुष्कळदा ग्राहकाच्या मालकीचा असतो आणि फौंड्रीत पडून राहतो. जीएसटी आल्यावर ग्राहकाने स्वतःचे मोल्ड आणि डाय फुकट वापरायला दिले तर त्यावर कर लागतो का, असा घोळ झाला. ८ जून २०१८ च्या परिपत्रकाने तो मिटवला आणि हा पुरवठा नाही, म्हणून कर नाही, असं स्पष्ट केलं. जागेचं भाडं आणि सांभाळण्याचा खर्च कोणाचा, हा विषय त्या परिपत्रकाचा नव्हता. तो जिथल्या तिथे आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, हा कायदा २००६ चा. त्याला खरा चाप बसला तो १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमाने. त्यानुसार २०२३-२४ या वर्षापासून थकवलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. टूलिंगच्या बिलाला मात्र एक पळवाट असते. पैसे सुटतात ते नमुना कास्टिंग मंजूर झाल्यावर, आणि ती मंजुरी लांबत जाऊ शकते.

माणसांचा प्रश्न दोन्ही टोकांना आहे. पटाशी चालवणारे थकले, त्यांच्या मुलांनी ती हातात घेतली नाही. त्यात नवल नाही आणि दोषही नाही. कॅडवर बसणारी मुलं हुशार आहेत, पण त्यांतल्या अनेकांनी साचा भरताना पाहिलेला नसतो. पडद्यावर सुरेख दिसणारा कोअर वाळूचा असतो, तो हाताने उचलून बसवायचा असतो, हे साचा भरणाऱ्या मोल्डरच्या शेजारी चार दिवस उभं राहिल्याशिवाय कळत नाही. काही शॉप नव्या डिझायनरला आधी फौंड्रीत पाठवतात. ही पद्धत सक्तीची असती तर बरं झालं असतं.

पॅटर्नच नको, अशीही वाट आता आहे. वाळूचे पातळ थर पसरून त्यांवर चिकटद्रव्य फवारत साचा थेट छापणारी यंत्रं जर्मनी-अमेरिकेतून आली. तेच तंत्र एमआयटीत १९८९ च्या सुमारास जन्मलं होतं. नमुन्याची दोन-चार कास्टिंग किंवा एखादा गुंतागुंतीचा कोअर हवा असेल तर ते बिनतोड आहे. महिन्याला हजारो नग लागतात तिथे छापील साचा परवडत नाही, तिथे धातूचा पॅटर्नच चालतो. म्हणून छपाईने पॅटर्न शॉपचं नेहमीचं काम गेलेलं नाही, नव्या भागाच्या पहिल्या नमुन्याचं काम मात्र सटकू लागलं आहे. आणि नव्या भागाची ओळख शॉपला याच कामातून व्हायची. छापलेल्या साच्यालाही आकुंचनाचा आकडा द्यावाच लागतो. तो आकडा कोणाला विचारायचा आणि विचारल्याचे पैसे किती द्यायचे, याचा दर अजून कोणत्याही कोटेशनवर वेगळ्या ओळीत येत नाही.