शेळीची कास सुजली? ट्यूब मागायच्या आधी एवढं वाचा

आपल्या दुकानात बरेच जण येतात आणि म्हणतात, शेळीला दगडी (कासेची सूज) झालीय, ट्यूब द्या. ट्यूब म्हणजे सडातून कासेत सोडायचं औषध. कुठली ट्यूब ते काउंटरवरून सांगता येत नाही हो, कारण कास सुजवणारे जंतू एक प्रकारचे नसतात आणि एकावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालतंच असं नाही.

शेळ्यांमधे सगळ्यात जास्त सापडतो स्टॅफिलोकोकस. त्यातले बरेचसे सडाच्या कातडीवरच राहणारे, सौम्य असतात. कास ठीक दिसते, दूधही पांढरंच, फक्त दूध थोडं कमी होतं आणि करडं अंग धरत नाहीत, त्यामुळे महिनोनमहिने कळतही नाही. पण याच्यातलाच ऑरियस फार वाईट. कास लाल-गरम होते आणि बघता बघता थंडगार, निळी-काळी पडते, पिळलं की लालसर पाणी येतं, शेळी खाणं सोडते. असं दिसलं की सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरला फोन करा, शेळी दगावू शकते.

ई कोलाय आणि क्लेबसिएला हे लेंड्या, मूत आणि ओल्या जमिनीतून येतात, म्हणून पावसाळ्यात शेड कोरडी ठेवणं औषधापेक्षा महत्त्वाचं. साधं पेनिसिलिन यांच्यावर चालत नाही. मायकोप्लाझ्मावर तर अजिबातच नाही, त्याला पेशीभिंतच नसते आणि पेनिसिलिन काम करतं ते भिंतीवर. दूध एकदम आटलं, सोबत गुडघे सुजले, डोळे लाल झाले आणि कळपात एकामागून एक शेळ्यांना तेच व्हायला लागलं तर मायकोप्लाझ्माचा संशय डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सीएमटी किट (दुधात औषध मिसळून कासेचा आजार ओळखायचं किट, दुधात पेशी जास्त असल्या की ते घट्ट होतं) नेणाऱ्यांसाठी: शेळीच्या दुधात पेशी मुळातच गाईपेक्षा जास्त असतात, त्यामुळे दूध जरासं घट्ट झालं म्हणजे आजार असं समजू नका. दोन्ही सडांचं दूध शेजारी शेजारी तपासा, फरक मोठा असेल तर खरी शंका.

दुधाचा नमुना ट्यूब सोडायच्या आधी घ्या, नंतर घेतला तर लॅबमधे जंतू वाढत नाही आणि रिपोर्ट फुकट जातो. हात धुवा, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या आणि बाटलीत धरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

आजारी शेळी सगळ्यात शेवटी पिळा, सगळ्यांना एकच फडकं नको, धार काढून झाल्यावर सड आयोडीनच्या डिपमधे बुडवा. एक ट्यूब अर्धी अर्धी करून दोन शेळ्यांना देणं बंद करा, एकीचे जंतू दुसरीच्या कासेत जातात. आणि सुजलेल्या कासेचं दूध घरात वापरू नका, ऑरियसचं विष उकळूनही जात नाही. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस दूध टाकायचं ते डॉक्टरांना विचारा, पाकिटावर लिहिलेले दिवस बहुतेक वेळा गाईसाठी असतात.

ट्यूब आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देतो. नमुन्याची निर्जंतुक बाटली काउंटरवर मागा, तिचे पैसे घेत नाही.